टाकं, टँक आणि टँकर

शब्दांच्या इतिहासावरच्या आपल्या मालिकेत आज एक अगदी साधा इंग्रजी शब्द घेऊ. शब्द आहे 'टँक'.

मी बोलतोय बंगळुरूच्या पूर्वेकडच्या मारतहळ्ळीतून. इथे एका दिवसात हा शब्द किती अर्थांनी कानावर येतो ते बघा. सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप येतो, की गच्चीवरचा टँक रिकामा आहे, पाणी जपून वापरा. पेट्रोल पंपावर मोटरसायकलवाला म्हणतो, टँक फुल कर. कचेरीत कोणीतरी सांगतं, अमक्या कंपनीचा शेअर टँक झाला. बाजूच्या दुकानात टँक टॉप टांगलेले असतात. संध्याकाळी बातम्यांत सीमेवरचे टँक दिसतात आणि त्यावर मत द्यायला थिंक टँकवाले येतात. एखादा जुना सरकारी नकाशा उघडला, तर याच परिसरात बेळ्ळंदूर टँक आणि वर्तूर टँक लिहिलेलं सापडतं. हे तर शेकडो एकरांचे तलाव आहेत!

पाण्याची पेटी, तलाव, लढाईचं वाहन, बनियनसारखा कपडा, अभ्यासकांची संस्था आणि शेअरची घसरगुंडी. एका शब्दात एवढं सगळं कसं मावलं? याच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्या सह्याद्रीतल्या गडांवर सापडतो. आणि या शब्दाचे अर्थ बदलत गेले, तसतसं आपलं पाण्याशी असलेलं नातंही बदलत गेलं. मला आज मुख्यतः तेच सांगायचंय.

कानावर विश्वास किती ठेवायचा?

सुरुवातीला एक पथ्य सांगतो. इथे नवीन आलेल्या मराठी माणसाला 'मारतहळ्ळी' ऐकलं की वाटतं, हे 'मराठा हळ्ळी' असणार. शहाजीराजांची जहागीर बंगळुरूला होती, १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर ते इथे आले, हा इतिहास खराच आहे. पण कन्नडमध्ये या नावात 'ठ' नाही, 'त' आहे. दुसरे लोक सांगतात, की जवळच्या एचएएल कारखान्यात 'मारुत' नावाचं लढाऊ विमान तयार झालं, त्यावरून हे नाव पडलं. मारुत पहिल्यांदा उडालं १९६१ च्या जूनमध्ये. गाव त्याच्या आधीपासून इथे आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी मुख्यतः कानाला गोड लागतात म्हणून चालतात.

गंमत अशी, की त्या मारुत विमानाचे रचनाकार होते जर्मन अभियंते कुर्ट टांक. दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे विमान त्यांचंच. १९५०च्या दशकात ते भारतात आले आणि एचएएलमध्ये त्यांनी काम केलं. त्यांचं आडनाव रोमन लिपीत 'टँक'सारखंच लिहितात, पण त्याचा आपल्या शब्दाशी काही संबंध नाही. रणगाड्याला तर जर्मन लोक टँक म्हणतच नाहीत, 'पांझर' म्हणतात.

उच्चार सारखा असला म्हणून नातं सिद्ध होत नाही. शब्द कोणी, कुठे, कोणत्या वस्तूसाठी आणि कधीपासून वापरला, हे पाहावं लागतं. हे पथ्य पाळून आता गडावर चढू.

गडावरचं टाकं

सिंहगडावर गेला असाल तर देवटाक्याचं पाणी प्यायला असाल. शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी आहेत. सह्याद्रीतला असा गड सापडणं अवघड, जिथे कातळात कोरलेलं एक तरी टाकं नाही. ही पद्धत शिवकाळाच्या कितीतरी आधीची. कान्हेरीच्या लेण्यांजवळ जी टाकी आहेत, त्यांच्या दानाची नोंद ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखांमध्ये आहे. तिथे टाक्याला 'पानियपोढी' म्हटलंय. म्हणजे वस्तू तीच, शब्द वेगळा. पोढी मागे पडली आणि मराठीत टाकं रुजलं.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा ग्रंथ. त्यात गड बांधण्याविषयी सूचना आहेत. गड बांधायच्या आधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून तळी आणि टाकी करावीत, आणि गडाचं पाणी जपून राखावं, असा त्याचा आशय. तोफा आणि तटबंदीइतकंच टाक्याला महत्त्व आहे, कारण वेढा पडला की गड किती दिवस लढणार हे टाक्यावर ठरतं.

या शब्दाचं मराठीतलं गोत मोठं आहे. पाथरवटाची छिन्नी म्हणजे टाकी. तिचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जात्याला, पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका दारावर यायच्या, हे अनेकांना आठवत असेल. छिन्नीच्या या टाकीमागे संस्कृत 'टंक' आहे. टंक म्हणजे छिन्नी, तसंच टंक म्हणजे नाणंही; त्यातून टाकसाळ आली. खडकात टाकीने कोरलेलं ते टाकं, अशी जोडणी सहज सुचते. ती सुचते एवढंच मी म्हणेन, कारण आत्ताच सांगितलेलं पथ्य इथेही लागू आहे. काही अभ्यासक या शब्दाची सांगड संस्कृत 'तडाग'शी, म्हणजे तलावाशीही घालतात.

एवढं मात्र नक्की, की पश्चिम भारतात हा शब्द पाण्याच्या साठ्यासाठी सर्रास वापरात आहे. गुजरातेत जुन्या अहमदाबादच्या पोळांमध्ये घराखाली पावसाचं पाणी साठवायचं 'टांकुं' असायचं. राजस्थानच्या वाळवंटात आजही 'टांका' बांधतात.

पोर्तुगीज आले, मग इंग्रज आले

आता समुद्राच्या बाजूने बघू. पोर्तुगीज भाषेत 'टांक' म्हणजे बांधीव तळं. हा शब्द पाणी अडवणं, थांबवणं अशा अर्थाच्या क्रियापदातून आला, आणि पोर्तुगीज लोक हिंदुस्थानात येण्याआधीपासून तो त्यांच्याकडे होता. ते इथे आले, देवळापुढची पुष्करणी पाहिली, गावाचं तळं पाहिलं, आणि आपला शब्द लावून मोकळे झाले.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सुरतेला आले. त्यांच्या एका कानावर पोर्तुगीजांचा 'टांक' पडत होता, कारण किनाऱ्यावरच्या व्यापाराची भाषा तेव्हा बरीचशी पोर्तुगीज होती. दुसऱ्या कानावर गुजराती-मराठी 'टांकुं' आणि 'टाकं' पडत होतं. दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. इंग्रजांनी शब्द उचलला, तो 'टँक'. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात या शब्दावर मोठी नोंद आहे आणि भारतीय व पोर्तुगीज अशा दोन्ही मुळांची चर्चा आहे. इंग्रजी टँक हा असा दोन आज्यांचा नातू आहे. एक आजी आपली.

इंग्रजीत या शब्दाचा पहिला अर्थ हा असा होता: हिंदुस्थानात लोक पाणी साठवायला बांधतात तो तलाव. पेटीसारख्या टाकीचा अर्थ नंतरचा. आधी जहाजावर पाणी ठेवायची टाकी, मग तेल-वायू ठेवायची, मग मोटारीतली पेट्रोलची. हा अर्थ इंग्रजीतून परत आपल्याकडे आला आणि आपण त्याला म्हटलं 'टाकी'. आपल्याच घरचा शब्द परदेशी फिरून आला आणि गच्चीवर जाऊन बसला.

उरलेले अर्थ झटपट उरकू. अमेरिकेत पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणायचे. त्यात उतरताना घालायच्या कपड्यावरून टँक टॉप आला. मुष्टियुद्धात एखादा लढवय्या मुद्दाम हरला, आपणहून आडवा झाला, तर तो टँकमध्ये गेला असं म्हणू लागले. तिथून 'टँक होणं' म्हणजे साफ कोसळणं. थिंक टँक हे आधी गमतीने माणसाच्या डोक्याला म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते संस्थांना चिकटलं.

मुंबईचे टँक आणि महाडचं तळं

मुंबईत टँक गेले, नावं राहिली. सी. पी. टँकला जाणाऱ्या माणसाला तिथे आता पाण्याचा थेंब दिसत नाही. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल, त्यांच्या नावाचा तो तलाव. गवालिया टँकवर गुरं पाण्याला यायची. तो बुजवून मैदान झालं, आणि ८ ऑगस्ट १९४२ ला तिथेच 'छोडो भारत'चा ठराव झाला. आज आपण त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो.

हे तलाव का गेले? १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने मुंबईत आलं. नळ आल्यावर तलावाकडे कोण बघणार? पाणी साचलं, डास झाले. १९११ मध्ये डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि त्यानंतर विहिरी-तलाव बुजवण्याला जोर आला. नळ, दुर्लक्ष, घाण आणि मग भराव, असा हा क्रम. तो ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पण टँक या शब्दाला जिथे खरी धार आली ते ठिकाण म्हणजे महाड. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळाने ठराव केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. कागदावर खुलं, प्रत्यक्षात बंद. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले.

नंतर प्रकरण न्यायालयात गेलं. इंग्रजी कागदपत्रांत तळ्याचं नाव 'चवदार टँक' असं पडलं. अडवणाऱ्यांचं म्हणणं, की अनादी काळापासून इथे अस्पृश्यांना बंदी आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी काळापासूनची चाल सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं चाललेल्या या भांडणाचा गाभा एवढाच होता: हा टँक कोणाचा? साठवलेलं पाणी म्हटलं, की हा प्रश्न येतोच. नदी वाहत राहते. टाकं मात्र कोणीतरी बांधलेलं असतं, कोणाच्या तरी ताब्यात असतं, आणि म्हणूनच तिथे हक्क सांगावा लागतो.

पाण्याचा टँक लढाईवर जातो

आता सर्वांत प्रसिद्ध अर्थ. पहिल्या महायुद्धात खंदकांची कोंडी फोडण्यासाठी ब्रिटनने १९१५ मध्ये पट्ट्यांवर चालणारं चिलखती वाहन बनवायला घेतलं. लिंकन शहरातल्या कारखान्यात काम सुरू झालं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून टोपणनाव हवं होतं. पोलादी पेट्यांसारखं काहीतरी बनतंय, तर ते मेसोपोटेमियासाठी पाणी वाहायचं साधन आहे अशी हूल उठवली. अर्नेस्ट स्विंटन या अधिकाऱ्यासमोर तीन-चार शब्द होते. त्यात पाण्याचा हौद, साठा अशा अर्थाचे लांबलचक इंग्रजी शब्दही होते. निवड झाली सुटसुटीत 'टँक'ची. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ही वाहनं पहिल्यांदा उतरली. युद्ध संपलं, गुपित संपलं, टोपणनाव मात्र कायमचं झालं.

मराठीने इथे छान काम केलं. आपण टँकचं भाषांतर 'रणटाकं' असं केलं नाही. आपण वस्तू पाहिली आणि 'रणगाडा' म्हटलं. फ्रेंच लोकही त्याला गाडा अशाच अर्थाचा शब्द वापरतात. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जरूर बघावं. पूना हॉर्स या रेजिमेंटच्या दोन परमवीरचक्र विजेत्यांनी, १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी, रणगाड्यातूनच लढताना प्राण दिले.

केरे, टँक, लेक

आता परत मारतहळ्ळीच्या परिसरात येऊ. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे आणि शहराजवळ मोठी नदी नाही. म्हणून इथल्या लोकांनी शेकडो वर्षं दरीच्या तोंडाशी मातीचे बांध घालून पाणी अडवलं. अशा तलावाला कन्नडमध्ये 'केरे' म्हणतात. एक केरे भरली की तिच्या सांडव्यातून, म्हणजे 'कोडी'तून, पाणी खालच्या केरेत जातं. दोन तलावांना जोडणारा मोठा ओढा म्हणजे राजकालुवे. कोणाच्या शेताला किती पाणी सोडायचं हे गावचा 'नीरगंटी' पाहायचा. बेळ्ळंदूरचं पाणी वर्तूरला जातं आणि तिथून पुढे दक्षिण पिनाकिनीला मिळतं.

इंग्रजांनी केरेला टँक म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या महसुली कागदांत टँक म्हणजे बांध, तोटी, सांडवा, खालची भिजणारी जमीन आणि दुरुस्तीची जबाबदारी हे सगळं मिळून. त्यांनी स्वतःही टँक बांधले. १८८२ मध्ये कर्नल रिचर्ड सँकी यांनी बांधलेला सँकी टँक आजही आहे.

मग मुंबईचाच क्रम इथे आला. १८९०च्या दशकात हेसरघट्टाचं पाणी नळाने शहरात पोहोचलं. १९७४ मध्ये कावेरी आली, सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून. तलाव बिनकामाचे ठरले. धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक झालं. संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम, चल्लघट्टच्या जागी गोल्फचं मैदान. जे वाचले त्यांच्या पाट्यांवर हळूहळू टँकऐवजी 'लेक' आलं.

मला हा बदल साधा वाटत नाही. लेक म्हणजे निसर्गाने दिलेलं सरोवर. ते बघायचं असतं, काठावर फिरायचं असतं, समोरच्या घराची किंमत त्याने वाढते. टँक म्हटलं की विचारावं लागतं: बांध कोण सांभाळतं? गाळ कोण काढतं? वरून येणारा ओढा कोणी बुजवला? नाव बदललं आणि हे प्रश्न विचारायची सवयही गेली. शहराच्या सांडपाण्याचा मोठा वाटा बेळ्ळंदूरला येत राहिला, पांढरा फेस रस्त्यावर उडू लागला, आणि २०१५ व २०१७ मध्ये या तलावाला चक्क आगी लागल्या.

विदर्भातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागातले मालगुजारी तलाव सहा हजारांच्या वर आहेत. त्यातले पुष्कळ कोहळी समाजाच्या कसबाने उभे राहिले. १९५०च्या सुमारास मालगुजारी संपली आणि ते सरकारजमा झाले. मालगुजाराची सत्ता जाणं योग्यच होतं. पण तलाव राखायचं काम त्याच्याबरोबर गेलं आणि ते गावाच्या हाती नीट आलं नाही. आता कागदोपत्री ते 'मामा तलाव' आहेत, म्हणजे माजी मालगुजारी.

आणि शेवटी टँकर

टँकला शेपूट लागून टँकर झाला. मराठीत या शब्दाची ओळख दुष्काळातून झाली. मराठवाड्याला चिडून 'टँकरवाडा' म्हणतात, हे आपण ऐकतोच. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं; पहिल्या खेपेत दहा वाघिण्या होत्या.

मारतहळ्ळी आणि आसपासच्या भागात टँकरला दुष्काळ लागत नाही, पण २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र कहर झाला. बोअर आटल्या, दर भडकले, आणि मार्चमध्ये प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले: पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला एक हजार रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं पाणी शहराच्या कडेच्या गावांसाठी सुरू झालं.

टाकं जागेवर असतं. पाऊस त्याच्याकडे येतो, माणसं त्याच्याकडे जातात, आणि त्याची पातळी सगळ्या गावाला दिसते. टँकर पैसे देणाऱ्याच्या दारी येतो. कुठल्या बोअरमधून पाणी उपसलं आणि तिथल्या विहिरीचं काय झालं, हे घेणाऱ्याला दिसत नाही. महाडला विचारलेला 'हे पाणी कोणाचं?' हा प्रश्न टँकरपुढे कोणी विचारत नाही, कारण पावतीवर उत्तर छापलेलं असतं.

मी टँकर बंद करा म्हणत नाही. मीही तेच पाणी वापरतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्या शब्दाचा पहिला अर्थ 'लोकांनी बांधलेलं आणि राखलेलं पाणी' असा होता, त्याचा तो अर्थ आपण तरी विसरू नये. तुमच्या जवळच्या 'लेक'चं जुनं नाव शोधा. जुन्या महसुली नकाशावर ते केरे, टँक, तळं, बोडी असं काहीतरी सापडेल. मग त्याचा बांध कुठे होता आणि सांडवा कुठे, हे जाऊन बघा. सांडव्यावर इमारत उभी असेल, तर पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी का तुंबतं हे विचारायला दुसऱ्या कोणाकडे जावं लागणार नाही.

आणि हो, तुमच्या गावी पाण्याच्या साठ्याला कोणते शब्द आहेत ते जरूर कळवा. बोडी, बारव, तळी, टाकं, पुष्करणी. बेळगावकडचे, बिदरकडचे, गोव्याचे, बडोदा-इंदूरकडचेही. पुढच्या भागात त्यातल्याच एखाद्या शब्दाचा माग काढू. तोपर्यंत नमस्कार.